बेताळाची चाल

बेताळ हा दुसऱ्याच्या देहाने चालणारा देव. संस्कृत कथांतला वेताळ मसणवटीत राहतो, मढ्यात शिरतो आणि त्याचे हातपाय हालवतो. तो आत शिरला की मढे बोलते, हसते, खांद्यावरून निसटून पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळते. कोकणात आणि गोव्यात हाच वेताळ बेताळ झाला, भुतांचा नायक म्हणून गावाच्या राखणीला उभा राहिला. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी वसलेल्या आमोणे गावात त्याचे देऊळ आहे. प्रियोळात आणि लोलयेतही तो आहे. रात्री तो गावाच्या हद्दीतून फिरतो अशी श्रद्धा, म्हणून गोव्यात बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची रीत पडली. वाहिलेल्या वहाणांचे तळ पुढे झिजलेले दिसतात, असे भाविक सांगतात.

ही झीज म्हणजे साधी गोष्ट नव्हे. वहाण झिजायला पाऊल लागते, पावलावर भार यावा लागतो, घोटा वळावा लागतो, गुडघा मोडावा लागतो. माणसाची टाच जमिनीला टेकते ती बहुधा बाहेरच्या कडेने, म्हणून जुन्या चपलेची तीच कड आधी खाल्लेली असते. चालणे हे हाडांचे, सांध्यांचे आणि स्नायूंचे काम आहे. पण वेताळ शिरण्याआधीही मढ्यात हाडे, सांधे, स्नायू सगळे जागच्या जागी असतात आणि तरी मढे चालत नाही. जे नसल्यामुळे ते पडून राहते त्याला काय म्हणावे आणि त्यालाच कर्ता मानावे का, या प्रश्नाभोवती दर्शनांचा बराच वाद फिरतो. त्याचे उत्तर शोधण्याआधी मढ्यात असते ते काय, हे पाहिलेले बरे.

सुश्रुताने ते मोजून ठेवले आहे. त्याच्या हिशेबाने हाडे ३००, सांधे २१०, स्नायू ९०० आणि पेशी ५००. आजचे शरीरशास्त्र प्रौढ माणसाची हाडे २०६ धरते आणि हाडांना जोडलेले स्नायू सहाशेच्या वर. आकडे जुळत नाहीत याचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे (सुश्रुत दात आणि कूर्चाही हाडांत धरतो), दुसरे शब्दांत. सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधणारा दोर, ज्याला आज अस्थिबंध किंवा कंडरा म्हणतात. आज मराठीत ज्याला स्नायू म्हणतात त्याला तो पेशी म्हणतो. आणि पेशी हा शब्द आता शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली जाऊन बसला आहे. जुनी टीका वाचताना हा घोटाळा लक्षात ठेवला नाही तर सगळे उलटेपालटे होते.

स्नायूंचे काम सांगताना सुश्रुत होडीचा दाखला देतो. फळ्या पुष्कळ बंधांनी आवळल्या म्हणजे नाव पाण्यावर माणसांचा भार घेते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले म्हणून माणूस भार उचलतो. मांडवीकाठच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. या किनाऱ्यावर खिळा न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होड्या पिढ्यान् पिढ्या चालल्या, आणि लाटेचा धक्का त्या खिळ्याच्या होडीपेक्षा सहज सोसत, कारण शिवण थोडी देते. सांध्यातल्या वंगणाला सुश्रुताने तेल घातलेल्या आसाची उपमा दिली आहे: आसावर चाक फिरते तसे कफाने लेपलेले सांधे फिरतात. सांध्यांचे त्याने आठ प्रकार केले. त्यातला ‘कोर’ बोटांचा, मनगटाचा, कोपराचा, गुडघ्याचा. ‘उलूखल’ म्हणजे उखळ, तो काखेत आणि जांघेत. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही उपमा अजून मोडीत निघालेली नाही. मराठी शाळेत खांद्याचा सांधा आजही उखळीचा सांधा म्हणूनच शिकवतात.

सांधा हलण्याची सोय करतो; हलवत नाही. हलवणाऱ्या स्नायूला मात्र एकच क्रिया येते, आखडणे. तो ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक सांध्याशी ओढणाऱ्यांची जोडी लागते. कोपर मोडताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा सैल पडतो. हात सरळ करताना उलट. दार ढकलणाऱ्या हाताच्या आतसुद्धा कुणीतरी ओढतच असते. ही ओढही मोठी महाग पडते. पाच किलोची कळशी कोपर काटकोनात ठेवून तळहातावर धरली, तर ओझे कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर येते. दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला. म्हणजे पाच किलोसाठी त्याला पस्तीस किलोंइतके ओढावे लागते, आणि हाताचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही. बदल्यात काय मिळते? स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर वर येतो. देहाने जोर खर्चून वेग आणि पल्ला विकत घेतला आहे. म्हणून माणूस बैलापेक्षा दुबळा, पण त्याचा दगड लांब जातो.

ही ओढ स्नायूच्या आत कशी तयार होते, हे १९५४ साली दोन स्वतंत्र संशोधक जोड्यांनी एकाच सुमारास दाखवले. स्नायूत दोन प्रकारचे तंतू एकमेकांत घुसलेले असतात, एक ॲक्टिनचा, एक मायोसिनचा. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती ॲक्टिनला धरतात, वाकतात, तंतू थोडा पुढे सरकवतात, सोडतात आणि पुन्हा पुढची जागा धरतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. होडी काठाला घेताना दोर हातावर हात टाकत ओढतात, तशातलाच प्रकार. या कामाला लागणारे इंधन एटीपी नावाचे रसायन. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे, जी पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही: मायोसिनच्या डोक्याला ॲक्टिन सोडून देण्यासाठी एटीपीचा नवा रेणू लागतो. तो मिळाला नाही तर पकड सुटत नाही.

मेल्यावर नेमके हेच होते. श्वास थांबला की एटीपी तयार होणे बंद पडते, उरलेले संपत जाते, आणि काही तासांत जबडा, मान, मग हातपाय ताठतात. बारा तासांच्या आसपास सगळे अंग लाकडासारखे होते. पुढे प्रथिने विघटित होऊ लागली की ताठा उतरतो, उष्ण हवेत लवकरच. आंघोळ घालताना हात सरळ होत नाही, दुमडलेली बोटे उघडत नाहीत, हे ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांना ती पकड ठाऊक असते. मढ्याला धरता येते. सोडता येत नाही.

जिवंतपणी सोडणे बिघडले तर काय होते ते धनुर्वातात दिसते. त्या रोगाचे विष स्नायूंना शक्ती देत नाही, कण्यातल्या ज्या चेतापेशी स्नायूला सैल पडायला सांगतात त्यांचे तोंड बंद करते. मग पुढचा-मागचा सगळेच एकदम ओढू लागतात. पाठीचे स्नायू जास्त बळकट, म्हणून देह धनुष्यासारखा मागे वाकतो. सुश्रुताने याला धनुस्तंभ म्हटले आहे, आणि ‘स्तंभ’ हा शब्द अचूक आहे: ओढ पराकोटीची, हालचाल शून्य. एक स्नायू आखडताना त्याच्या जोडीदाराला कणाच सैल करतो, हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी दाखवले. त्यांना १९३२ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चालणाऱ्या देहात एका बाजूची ओढ आणि दुसऱ्या बाजूचे सोडणे बरोबरीने चालू असते. कर्त्याचा शोध घेताना बहुतेक विचार ओढीच्या बाजूने जातो. सोडण्याच्या बाजूने गेले तर वाट वेगळ्या ठिकाणी निघते.

दर्शनांपैकी हालचालीचा सर्वांत बारकाईने विचार वैशेषिकांनी केला. त्यांच्या पदार्थांच्या यादीत ‘कर्म’ हा स्वतंत्र पदार्थ आहे, आणि तिथे कर्म म्हणजे पापपुण्य नव्हे, निव्वळ हालचाल. तिचे पाच प्रकार: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर फेकणे, खाली टाकणे, आखडणे, पसरणे, जाणे. कणादाच्या वैशेषिकसूत्रांचा पाचवा अध्याय हात कसा हलतो इथून सुरू होतो. आत्म्याचा संयोग आणि प्रयत्न यांमुळे हात हलतो आणि हाताच्या संयोगामुळे मुसळ वर जाते. इथवर कुणीही सांगेल. पण कांडणारीकडे पाहत बसल्याशिवाय पुढची गोष्ट सुचणार नाही. जमिनीत पुरलेल्या वायनात भात आहे, मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी आहे. मुसळ खाली आदळते आणि आपटल्याच्या धक्क्याने जरासे वर उसळते. त्या उसळीबरोबर बाईचा हातही वर जातो. कणाद म्हणतो, या उसळीला हाताचा संयोग कारण नाही. आणि त्या क्षणी हात वर जातो त्याला आत्म्याचा संयोगही कारण नाही. हाताला मुसळाने उचलले.

एकाच हाताची, एकाच दिशेची, दिसायला एकसारखी हालचाल. एक आत्म्याच्या खात्यावर, दुसरी मुसळाच्या. ही प्रामाणिक जमाखर्चाची दृष्टी आहे. सराईत कांडणारी त्या उसळीचाच फायदा घेते, म्हणून ती तासभर कांडू शकते आणि नवशिकी पाच मिनिटांत दमते. आजची परिभाषा सांगते की ताणलेली कंडरा रबरासारखी ऊर्जा साठवते आणि परत देते. धावणाऱ्याच्या टाचेमागची शीर प्रत्येक पावलाला हेच करते. त्याच अध्यायात झोपलेल्याच्या हालचालीचाही विचार येतो: तीही इच्छेच्या प्रयत्नावाचून होते. पुढे प्रशस्तपादाने प्रयत्नाचेच दोन भाग केले. एक जीवनपूर्वक, म्हणजे झोपेतही श्वास चालू ठेवणारा. दुसरा इच्छेतून किंवा द्वेषातून उठणारा, हवे ते मिळवण्याचा आणि नको ते टाळण्याचा. टाळणे हाही प्रयत्नच, ही नोंद पुढे उपयोगी पडेल.

सांख्यांनी आत्म्याकडून हालचाल काढूनच घेतली. त्यांचा दृष्टांत पांगळ्या-आंधळ्याचा: पुरुष पाहतो पण पांगळा, प्रकृती चालते पण आंधळी, आणि आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला की वाट सरते. दृष्टांत सुरेख आहे, पण एका जागी लंगडतो. खांद्यावरचा पांगळा निदान तोंडाने दिशा सांगतो. सांख्यांचा पुरुष तेवढेही करत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात जास्त व्यवहारी मांडणी आहे. कोणत्याही कर्माला पाच कारणे: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे, त्यांच्या वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. एकट्या आत्म्याला कर्ता मानणारा नीट पाहत नाही, हा तिचा निर्वाळा. या पाचांत भाष्यकारांचे खटके उडतात ते दैवावर. शंकराचार्यांच्या मते दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता; वेदान्तात हाताचा देव इंद्र, पायाचा विष्णू. रामानुजांच्या मते दैव म्हणजे आत बसलेला परमात्मा. ज्ञानेश्वरीत या पाच कारणांचे विवरण मराठीत आले ते १२९० साली.

हाताला देव, पायाला देव. डिचोली आणि पेडणे या भागांत ही नुसती पोथीतली गोष्ट नाही. देवाचा अवसार येतो तेव्हा अंग कापू लागते, हात वर जातात, पावले ठेका धरतात, आणि हे करणारा तो माणूस नव्हे, देव आहे असे गाव मानते. पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात. तरंग म्हणजे लुगडी गुंडाळून सजवलेली उंच काठी. ती धरणाऱ्याला आपण काठी नेत नसून काठीच आपल्याला नेते आहे असे वाटते. यात एक भाग निखळ यंत्रशास्त्राचा आहे: उंच आणि वर जड अशी वस्तू खालून धरली की तिचा तोल जरा ढळताच धरणाऱ्याच्या सांध्यांवर मोठा पीळ येतो, पावले आपोआप त्या दिशेला पडतात. कणादाच्या मुसळासारखेच. पण तेवढ्याने सगळा अवसार उलगडतो असे म्हणणे उथळपणाचे होईल.

एक प्रयोग कुणालाही घरी करता येतो. दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हातांच्या मागच्या बाजूने चौकट बाहेर ढकलत राहावे, अर्धा-एक मिनिट, चांगल्या जोराने. मग पुढे येऊन हात सैल सोडावेत. थोड्याच वेळात ते आपोआप बाजूंनी वर तरंगू लागतात. ऑस्कर कोनश्टाम या जर्मन वैद्याने १९१५ साली याचे वर्णन केले. आखडतात ते आपलेच स्नायू, आज्ञा जाते ती आपल्याच चेतासंस्थेतून, आणि तरी ‘मी हात उचलला’ असे मुळीच वाटत नाही. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करत, तेव्हा हात हलल्यावर रुग्ण सांगत की हे मी केले नाही, तुम्ही केलेत. हालचाल आणि तिच्यावरची ‘माझी’ ही मोहर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे यातून नक्की ठरते. अवसार आलेला माणूस खोटे बोलतो असे मानण्याची त्यामुळे गरज उरत नाही. मोहर उठली नाही म्हणून हालचाल देवाचीच, हेही त्यातून सिद्ध होत नाही. गावाचा व्यवहार मात्र स्पष्ट असतो. अवसारात निघालेला शब्द देवाचा धरतात. तो माणूस शुद्धीवर आल्यावर त्या शब्दाचा जाब त्याला विचारत नाहीत.

कोनश्टामच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा सांगितली जात नाही. वर जाणारा हात थांबवता येतो. उचलणे आपले वाटत नाही, पण थांबवणे अगदी आपले वाटते. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असेच काही निघाले. मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचे, आणि ते हलवावेसे कधी वाटले ते घड्याळावर पाहून ठेवायचे. मेंदूतली तयारी हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली, तर इच्छेची जाणीव केवळ सेकंदाचा पाचवा भाग आधी. म्हणजे इच्छा उशिरा पोचते. २०१२ नंतर या तयारीच्या अर्थावर बरीच टीका झाली. ती निर्णयाची खूण नसून मेंदूतल्या चढउतारांची बेरीज असावी, असे एक मत आहे. पण लिबेट यांचे स्वतःचे म्हणणे टीकेच्या गदारोळात मागे पडले. उरलेल्या त्या पाचव्या भागात माणूस ‘नको’ म्हणू शकतो, असे ते म्हणत. प्रशस्तपादाच्या हिशेबाने हे टाळणेही प्रयत्नच.

या ‘नको’चा कस लागतो तो डिचोली तालुक्यातच, शिरगावात. वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. तापलेल्या वस्तूला पाय लागला की कणाच निर्णय घेतो: मांडी आणि गुडघा मोडणारे स्नायू आखडतात, सरळ करणारे सैल होतात, पाय वर येतो, आणि दुसरा पाय भार घ्यायला ताठ होतो. मेंदूला वर्दी नंतर. निखाऱ्याशी स्पर्श क्षणाचा आणि राखेतून उष्णता सावकाश येते, हे खरे. तरी पहिले पाऊल टाकताना देहातली प्रत्येक जुनी आज्ञा मागे ओढत असते. काही दिवसांचे व्रत, उपास, आंघोळ, हातातली वेताची काठी, भोवतीचा देवीचा गजर, हे सारे त्या ओढीला धरून ठेवण्यासाठी असते असे म्हटले तर धोंडांच्या श्रद्धेला बाध येत नाही.

योगशास्त्र सोडण्याच्या याच दिशेला अगदी शांतपणे गेले. आसन कशाने साधते, तर प्रयत्न सैल केल्याने, असे पतंजलीने म्हटले आहे. प्रयत्नशैथिल्य हा त्याचा शब्द. पेडण्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकातले, नाथपंथाच्या वाटेने गेलेले. ती वाट निश्चल बैठकीतून जाते. आणि निश्चल बसणे म्हणजे स्नायू बंद करणे नव्हे. कणा उभा ठेवायला पाठीपोटाच्या स्नायूंची बारीक ओढाताण अखंड चालू राहावी लागते. नवा साधक ती सारी एकदम आवळतो, म्हणून त्याची पाठ धरते.

वेताळपंचविशीची चौकट कर्ता कोण या प्रश्नाला धरून बांधल्यासारखी आहे. एका जोग्याच्या सांगण्यावरून राजाने मढे खांद्यावर घेऊन मुकाट चालायचे. तो बोलला की वेताळ मढ्यासकट झाडावर परत. वेताळ दर वेळी गोष्ट सांगून प्रश्न टाकतो आणि राजाला उत्तर ठाऊक असते, म्हणून तो बोलतो. त्यातल्या एका गोष्टीत दोन पुरुषांची डोकी अदलाबदल होऊन जोडली जातात आणि नवरा कोणता असा प्रश्न पडतो. राजा ज्याच्या धडावर नवऱ्याचे डोके आहे त्याच्या बाजूने निकाल देतो. मस्तक श्रेष्ठ, धड त्याचे चाकर, हे त्या काळचे सर्वमान्य मत. चालण्यातला बराच भाग कणा आणि सांधे परस्पर उरकतात, हे कळल्यावर तो निकाल तितका सोपा राहत नाही. शेवटच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसते. तो गप्प राहतो आणि पहिल्यांदाच मढे झाडाकडे परत जात नाही. मग वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की पुढे तो जोगी साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तो घालू नको, कसा घालायचा ते आधी त्यालाच दाखवायला सांग. एवढे सांगून वेताळ निघून जातो. राजाच्या खांद्यावर उरते ते मढे, हाडे, सांधे आणि स्नायू जागच्या जागी असलेले, आणि ते घेऊन तो चालत राहतो.